शाळवाला तंबाखूचे लाड

माझं माहेर कणकुंबीकडचं. तिकडे माती तांबडी. धो धो पाऊस पडून गेला तरी घटकाभराने अंगणात खुशाल फिरावं, पाय भरत नाहीत. मला दिली ती निपाणीकडच्या काळ्या रानात, आणि पहिल्याच पावसाळ्यात माझी फजिती झाली. पाऊस उघडलाय म्हणून मी भाकऱ्यांची बुट्टी घेऊन थेट रानात शिरले. चार पावलं टाकली नाहीत तोच एकेका पायाला ही एवढी माती चिकटली, आणि पुढच्या पावलाला चप्पल आतच राहिली. बांधावर माझे धाकटे दीर पोट धरून हसत होते.

"वैनी, आमची माती लई मायाळू हाय. पाव्हण्याला सोडतच न्हाय!"

मला असा राग आला! चप्पल उपसून काढली, हातात धरली आणि तशीच अनवाणी घरी आले.

उन्हाळ्यात त्याच मातीने दुसरं रूप दाखवलं. भेगा इतक्या रुंद की वासराचा पाय अडकावा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या भेगांकडे मोठ्या कौतुकानं बघत. म्हणत, "उन्हाळ्यात वरची माती भेगंत पडती, पावसाळ्यात रान फुगलं की आतली वर येती. हे रान आपल्या आपण उलटतंय, पोरी." मला वाटलं, सून भोळी बघून म्हातारा थापा मारतोय. पण ते खरं होतं.

पुढे लढाई सुरू झाली. माझे यजमान फौजेत भरती होऊन बेळगावच्या कॅम्पात गेले आणि तिथून समुद्रापार. मागे ओढ्याकडचं त्यांचं रान राहिलं. दिरांचं म्हणणं, त्यातही तंबाखू लावायचा आणि दादा येईपर्यंत वैनींनी माहेरी राहायचं. बाजारात तर जोंधळा दिसेनासा झाला होता. मी म्हटलं, तंबाखू काय ताटात वाढायचा? मी शाळू, म्हणजे थंडीतला जोंधळा, करणार. शब्दाला शब्द वाढला, तेव्हा मामंजींनी निकाल दिला.

"एक सुगी तिची. शाळू आला तर रान तिच्याकडं. न्हाय आला तर तंबाखू, आनि पोरीनं म्हायारी जावं."

माहेर मला जीव की प्राण. पण हरून तिथे जायचं? छे!

या वेळी मी घाई केली नाही. पायाला माती चिकटेनाशी झाली, ढेकूळ बोटांत चुरायला लागलं, तेव्हाच पेरणी करवून घेतली. शाळू छान उगवला. आणि पावसाने जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. तसा शाळू जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येतो, पण त्या वर्षी दिवाळीतच रान तडकायला लागलं. पीक गुडघ्याला आलेलं, आणि ओळीओळींमधून भेगा. वाकून आत बघितलं तर तुटलेली मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी लोंबत होती. ओढ्यावरून घागर आणून मी भेगेत ओतली. पाणी गटागटा खाली गेलं, वरची माती भिजलीसुद्धा नाही.

"वैनी, शाळू पाताळात पेरलाय व्हय?" दीर शेजारच्या त्यांच्या तंबाखूतून ओरडले.

त्यांना काहीतरी लागेलसं बोलावं म्हणून मी तरातरा बांध ओलांडला आणि मध्येच थबकले. त्यांच्या तंबाखूत एकही भेग नव्हती. माती तीच, ऊन तेच. वर भुसभुशीत भुगा होता. त्यात हात खुपसला तर खाली गारेगार ओल! तंबाखूत उठल्यासुटल्या कोळपं फिरवतात. बैलांमागचं ते पातं सरींमधली माती वरवर खरवडत जातं, तण मारायला, असंच जो तो समजे. पण तो भुगाच भेगा बुजवत होता आणि ओल झाकत होता. बोलायचं ते मी गिळलं आणि दिरांना म्हटलं, "भावजी, माझ्या शाळवात कोळपं फिरवा."

"दोन पाळ्या झाल्या की! तण तरी हाय का काडीचं?"

"तण न्हाय, भेगा हायत."

"तंबाखूचे लाड शाळवाला? गाव हसंल मला!"

मग गावाला हसायला मीच सापडले. बाईमाणसाने औताला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. मी पहाटे पदर खोचला, बैलांना मुसकी बांधली आणि कोळपं जुंपलं. पहिल्या ओळीत पातं वाकडं गेलं, शाळवाची थोडी ताटं मोडली. बांधावर बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मामंजीही आले. आता औत सोड म्हणतात की काय, म्हणून मी हातातल्या रुमण्याच्या मुठीवरून मान वर केली नाही. ते एवढंच म्हणाले, "रुमणं दाबू नगं. हलकं धर."

मी हलकं धरलं. भेगा दिसल्या की पुन्हा पाळी दिली. शाळू बैलांना शिरू देईना इतका वाढला, तेव्हा खुरपं घेऊन बसले आणि एकेक भेग हाताने बुजवली. बोटं सोलून निघाली. गाव हसून हसून दमलं, मी दमले नाही.

हुरड्याच्या दिवसांत आसपासचा शाळू कणसं न भरताच वाळला, त्याची नुसती चिपाडं झाली. माझ्या रानात कणसाच्या भाराने ताटं वाकली होती. मळणी झाली, रास पडली, आणि त्या राशीसमोर मी फुगडी घालायचीच बाकी होती. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता! त्या रात्री दिरांनी नव्या शाळवाच्या भाकरी मुकाट्याने खाल्ल्या आणि आणखी मागितल्या.

पुढच्या पेरणीला पेरायची कुरी रानात उभी होती. चाड्यात बियाण्याची पहिली मूठ सोडायचा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा. मामंजींनी ओंजळभर बी घेतलं, कपाळाला लावलं आणि माझ्या ओटीत ओतलं.

"धर पोरी. रान तुझं हाय."

माझे डोळे भरून आले. बैलांच्या कासऱ्याशी दीर उभे होते. पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "वैनी, कोळपं कवा जुपायचं ह्या वर्षी?"

मी मूठ सोडली आणि म्हटलं, "भेग पडायच्या आदी."