पालथा कागद

नसरापूरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात गुंजवण्याचे एक काका येतात आणि घरगुती सर्किटांचे नकाशे लेझर प्रिंटरवर छापून नेतात. गुळगुळीत कागद स्वतःचाच आणतात, तोही पालथा देतात. "कोऱ्या बाजूवर, ताई." पालथा का, ते मी कधी विचारलं नाही. घरी तो कागद छापलेली बाजू खाली करून तांब्याच्या पाटीवर ठेवून इस्त्री फिरवली की छपाई पाटीवर उतरते, मग भिजवून कागद चोळून काढतात.

काल कागद प्रिंटरमध्ये अडकला. ओढून काढला, तर मागे काकांसारखाच चेहरा आणि वर 'प्रथम पुण्यस्मरण'.

"धाकटा भाऊ," काका म्हणाले. "हिरीवरच्या मोटारीच्या पेटीत करंट उतरला हुता. आता तसं झालं तर वाजंल असं यंत्र करतुय. ही पत्रकं लई उरल्यात."

"पण काका, इस्त्री…"

"त्याच्या तोंडावरनंच फिरती. मी डोळं मिटून घेतो."