चिमणाबाईंचा कट्टा

तटाच्या गल्लीत पिशवीतलं दूध कुणी घेत नसे. संध्याकाळ झाली की दगडी कट्ट्यासमोर म्हशी येऊन उभ्या राहायच्या, गिऱ्हाईक पेला घेऊन पुढ्यात, आणि धार त्याच्या डोळ्यांदेखत. पाणी घालायला जागाच कुठं होती? त्यामुळं त्या कट्ट्यावर कागदपत्राची भाषा कुणाला ठाऊक नव्हती. समोर उभं राहून बोललास ना, मग झालं. चिमणाबाई चौगुले नवरा गेल्यापासून स्वतः धार काढत होत्या, आणि तोंड असं फटकळ की तालमीतले पैलवानसुद्धा त्यांच्यापुढं रांग मोडायला बिचकायचे.

बाकी गल्लीची मात्र रया गेली होती. महापुरानं भिंती पोखरल्या, गटार कायम तुंबलेलं, पोरं पुण्याला पळालेली, अर्ध्या घरांना कुलपं. अशात धैर्यशील परत आला. ह्याच गल्लीतला, लहानपणी तांब्या घेऊन कट्ट्यावर यायचा, पुढं पुण्यात कारखाने काढून गब्बर झाला. आता त्यानं गल्ली सुधारायला ट्रस्ट काढला होता. लोक आधी हसले. पण गटारं झाकली गेली, दिवे लागले, तालमीवर नवं छत चढलं. काम दिसत होतं की, हसणार कोण?

मग तो गोठ्यांकडं वळला. गल्लीच्या टोकाला पाच गोठे होते, बापजाद्यांपासून भाड्यानं. ती जागा ट्रस्टनं विकत घेतली होती. एका संध्याकाळी चिमणाबाईंच्या हातचा पेला तोंडाला लावत तो म्हणाला, ‘‘काकू, पावसाळ्यापुरत्या म्हशी हलवा. पक्के गोठे बांधून देतो. फरशी, नळ, सगळं. दिवाळीला वाजतगाजत परत आणा.’’

‘‘नक्की की?’’

‘‘तुमच्या हातचं दूध पिऊन खोटं बोलीन होय?’’

झालं. बाई तिथंच फसल्या. लिहून घ्यायला हवं होतं असं आज गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा सांगायला एक जण पुढं आला नाही, कारण कट्ट्यावर उभं राहून बोललेल्याला लिहून दे म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच.

बाकीचे चौघे गवळी मात्र हलायला तयार नव्हते. चिमणाबाईंनी त्यांचे उंबरे झिजवले. सगळ्यात चिवट रफिक. शेजारचा गोठा त्याचा, दोनच म्हशी, त्यांच्यावर सगळं घर.

‘‘काकी, एकदा उठलो की परत कोण बसाया देतंय?’’

‘‘मी हाय न्हवं? मी मेले काय?’’

रफिक उठला आणि म्हशींची दावी सोडायला लागला.

तो पावसाळा वाईट गेला. शहराबाहेर पत्र्याच्या शेडात चिखल, माशा, म्हशी आटलेल्या. गिऱ्हाईक तिकडं कशाला मरायला येतंय? ते पिशवीवर गेलं. रफिकनं एक म्हैस विकली. चिमणाबाई रोज एकच सांगायच्या, दिवाळीपर्यंत कळ काढा.

दिवाळीच्या तोंडावर धैर्यशीलचा फोन आला. नव्या गल्लीचं उद्घाटन आहे, काकूंनी आपल्या चंद्री म्हशीला घेऊन यावं, पहिली धार त्यांनीच काढावी. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. आधी आपण गोठे बघून येऊ, मग बाकीच्यांना सांगू, असं म्हणून त्यांनी टेम्पो केला.

गल्ली ओळखू येईना. एका भिंतीवर खुद्द चिमणाबाईंचं चित्र, दुमजली, धार काढताना. गोठ्यांच्या जागी काचेचं कॉफीचं दुकान. बाईंना वाटलं, गोठे मागं बांधले असतील. त्या धारेला बसल्या. टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. धैर्यशील खांद्यावर हात टाकून शेजारी उभा राहिला.

‘‘आमचं गोठं कुठं हाईत रे?’’

तो कॅमेऱ्याकडं बघत हसतच होता. ‘‘काकू, दुकानवाल्यांना शेणाचा वास चालत नाही. तुम्ही शनिवार-रविवार चंद्रीला आणा. पाहुण्यांना बघायला बरं. तुम्हाला मी काही कमी पडू देणार नाही.’’

‘‘आणि रफिक? ते बाकीचं?’’

‘‘आता ते कसं जमणार?’’

कट्ट्यावर वाढलेल्या पोरानं केसानं गळा कापला होता, तोही हसत हसत. चिमणाबाईंनी त्याचा हात झटकला, तोंडाला येईल ते सुनावलं, पण बँड सुरू झाला होता आणि फोटो निघून गेला होता. चंद्रीचा कासरा धरून त्या बाहेर पडल्या.

गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली होती. दोरीपलीकडं रफिक उभा होता, मागं बाकीचे तिघे. बातमी ऐकून आले होते, त्यांना कुणी आत सोडलं नव्हतं. त्यांनी तिथूनच धार बघितली होती, खांद्यावरचा हात बघितला होता.

‘‘आमची म्हसरं उठवली,’’ रफिक म्हणाला, ‘‘आणि तुमची तेवढी राहिली व्हय?’’

चिमणाबाईंनी सगळं सांगितलं, पोटच्या पोराची शपथ घेतली, भर रस्त्यात रडल्या. ह्या बाईला गल्लीनं कधी रडताना पाहिलं नव्हतं. धैर्यशीलला शिव्या घालता घालता त्यांचा आवाज बसला.

रफिकनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘त्याचं मला काय बी वाटत न्हाय, काकी. त्याला मी वळखतच न्हवतो. मी तुमास्नी वळखत हुतो.’’

एवढं बोलून तो तिघांना घेऊन निघून गेला.