डोकं धरायची नोकरी

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत. नुसता चहा पाजा, आपोआप बाहेर येतात.

माझी नोकरी डोकं धरायची. हसू नका! पन्नासच्या दशकात पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हा आमच्या दवाखान्यात पोट आतून बघायची नळी आली. टोकाला बारका दिवा. थोडी वाकायची, बाकी ताठ. पेशंट डाव्या कुशीवर, मान मागे आणि डोकं माझ्या हातात. ते हललं तर अन्ननलिका फाटायची भीती. माझ्या हातात एकही डोकं कधी हललं नाही. हे मी अजून छाती फुगवून सांगतो.

त्या दिवसांत माझंही पोट दुखायचं, पण ते मी कुणाला सांगत नव्हतो.

* * *

कासारवाडीचा एक टर्नर होता, लेथवर लोखंड कातणारा. नळी बघून भले भले पळायचे. यानं ती हातात मागितली, डोळ्याला लावली, नखानं सांधे तपासले.

"फिनिशिंग झकास हाय, राव. घाला."

* * *

एक पहिलवान शपथेवर सांगत होता, दारूला कधी शिवलो नाही. तेव्हा दारूबंदी होती. डॉक्टरांनी आत बघितलं, तर जठराचं अस्तर सुजून लालभडक. नळी काढल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "हातभट्टी किती वर्षं?"

पहिलवान माझ्या कानाशी आला. "भाऊ, आत लिवलंय व्हय?"

* * *

देहूच्या एका आजींना मीच बजावलं होतं, "उद्या उपाशीपोटी या." दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळीला डोळा लावून बसले ते बसलेच. "पांढरे पांढरे मणी दिसतायत," म्हणाले. असला रोग त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हता.

नळी निघाल्यावर मी विचारलं, "आजी, काय खाल्लंत?"

"काय बी न्हाई. उपासच हाय माजा. वाटीभर साबुदाण्याची खिचडी तेवढी."

तेव्हापासून मी 'उपाशी' शब्द सोडला आणि 'निर्जळी या' म्हणू लागलो. पुण्याहून मोठे डॉक्टर आले की आमचे डॉक्टर ही माझी सुधारणा कौतुकानं सांगायचे.

* * *

पुढे माझं वजन उतरलं, शौचाला काळं होऊ लागलं. माझे वडील पोटातल्या गाठीनंच गेलेले. शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "गणपत, उद्याच बघू. पण तुझं डोकं कोण धरणार?" कंपाउंडर आधीच मागे सरकला होता.

माझी बायको सरू दारात उभी होती. "मी धरते."

"बाई, जराही हलू द्यायचं नाही."

"लगीन झाल्यापास्नं बारा वर्सं धरलंय, सायेब."

दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार केला. नळी आत गेली. डॉक्टर इतका वेळ बघत राहिले की माझा धीर सुटला. सरूचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

"अल्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "कडा स्वच्छ आहेत. गाठ नाही. औषधानं भरून येईल."

त्यांनी नळी काढली, दिवा लावला.

"झालं, बाई. सोडा आता डोकं."

तिनं सोडलं नाही.