पिलूच्या बुंध्याशी शेंदूर

मुलुंडच्या मिठागरांपलीकडे, खाडीच्या बांधावर पिलूचं एक झुडूप होतं. त्यावर एक फुलपाखरू यायचं. रुपयाएवढं, केशरी-गुलाबी, कडेला काळी किनार. ते अंडी घालणार पिलूच्याच पानावर, आणि आपल्याकडे पिलू वाढणार खाऱ्या जमिनीत. म्हणजे बिचाऱ्याचा मुलूख तो केवढा, तर समुद्राकाठची एक चिंधी! मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची तीन वर्षं दर रविवारी घाटकोपरहून जाऊन मी त्याच्या नोंदी केल्या. पाऊस ओसरला की संख्या वाढायची, दिवाळीत झुडूप नुसतं हलत असायचं, होळीनंतर एखाददुसरं. कुर्ल्यापर्यंतचे बांध पालथे घातले, पण दुसरं पिलू मला सापडलं नाही. आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं काम तेवढंच.

जवळच्या वस्तीतली एक कोळीण तिथे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला यायची आणि जाताना सरपणाला फांद्या तोडायची. मी हात जोडले तर म्हणाली, "मास्तर, पाखराला घर पायजे, न् माझे चुलीला लाकूड नको?"

मग मी डोकं चालवलं. पुढच्या रविवारी बुंध्याशी एक दगड उभा केला, त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला, वर जास्वंद ठेवली आणि सटकलो. वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारा मी! पण कोयता थांबला. दोन वर्षं झुडूप असं फोफावलं की विचारू नका. लोक पाया पडायचे आणि मी मनात त्यांना अडाणी म्हणून हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी गणपतीला कोकणात गेलो. परतून पाहतो तर बांधावर सिमेंटचा चौथरा, वर पत्रा, दगडाला चांदीचे डोळे, भोवती वस्तीतले पंधरावीस लोक. झुडूप मुळासकट गायब.

"देव काळोखात बसलेला," कोळीण कौतुकाने म्हणाली. "म्हणून मोकळा केला."

"आणि लाकूड?"

"देवाचं लाकूड चुलीत कसं घालायचं? खाडीत सोडलं."

मला ओरडावंसं वाटत होतं. फुलपाखराची एक मादी चौथऱ्याभोवती खालून खालून घिरट्या घालत होती. सिमेंटवर टेकायची, उडायची, पुन्हा टेकायची. बाईने माझ्या हातात नारळ ठेवला. "तुमी हितं ओणवं झालेलं मी लांबून बगितलेलं, मास्तर. देवानं पयलं दर्शन तुमालाच दिलं. पयला नारळ तुमीच फोडायचा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दगड मीच ठेवला, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी भित्रा निघालो. नारळ आपटला, तो एका फटक्यात फुटला.

"बगा," बाई म्हणाली, "देव तुमचाच हाय."