दीड तास कोण गुणगुणत होतं?

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, शवागाराशेजारच्या खोलीत बसून डबा खाल्ला. कुणाच्या अंगात आलं की मी आधी नाडी बघते! तेव्हा हे वाचून मला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल काढा... पण घडलं ते घडलं.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. आता मी जळगावला पिंप्राळ्यात राहते, तेव्हा धुळे-पारोळा रस्त्यावरच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात होते. एप्रिलची दुपार. डॉक्टर जीप घेऊन मीटिंगला गेलेले, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली — नेहमीप्रमाणे — त्यांच्याच खिशात. शिपाई रजेवर. दवाखान्यात मी एकटी.

एकच्या सुमाराला एक म्हातारी आणि तिची सून तीन महिन्यांचं पोर घेऊन आल्या. "सकायपाईन रडी राहिना, बाई. दूध बी पेत नही," म्हातारी म्हणाली. लंगोट सोडला तर जांघेत लिंबाएवढी गाठ. हर्निया! आतडं खाली उतरून अडकलेलं. पोर रडलं की पोटाला जोर, जोर आला की गाठ आणखी घट्ट, आणि दुखलं की पोर पुन्हा रडणार. असं फार वेळ राहिलं तर आतडं काळं पडतं. मग पोर हातचं जातं.

"दाबी द्या ना, बाई," म्हातारी म्हणाली. सकाळी गावातल्या सुईणीने दाबून पाहिलंच होतं.

"खबरदार, अक्का! आता कुणी हात लावायचा नाही," मी ओरडलेच. जोर लावला तर आतडं फाटायचं. गाठ अजून लाल झालेली नव्हती, उलटी एकदाच आणि तीही दुधाची, म्हणजे थोडा वेळ होता. अशा वेळी बाळाला झोपेचं औषध देऊन पाय उंच ठेवतात. पोर शांत झालं की गाठ पुष्कळदा आपोआप आत जाते. पण औषध कपाटात! दगड घेऊन कुलूप फोडायला गेले, तर हलेना मेलं. धुळ्याची एस.टी. चारला.

शेवटी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या आणि पोराला निजवलं. सून पदरात तोंड खुपसून उशाशी बसली, अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. मी दारात, डोळे रस्त्याकडे, जीप दिसते का म्हणून. पोर टाहो फोडत होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातून हरले होते.

आणि मागे कुणीतरी गुणगुणायला लागलं...

बाईचा आवाज, अगदी हलका. शब्द कळत नव्हते. मला वाटलं, अक्का गातायत. पोर हुंदके देत देत गप्प झालं, झोपलं. उठेल या भीतीने मी जागची हललेसुद्धा नाही. मध्ये ते कण्हलं की आवाज जरासा वाढायचा, पुन्हा उतरायचा. असा दीड तास!

तीन वाजता जवळ गेले, गाठीवर बोटं नुसती टेकवली. आत गुडगुड झाली आणि गाठ नाहीशी! देवाशप्पथ सांगते, मी तिथेच रडले.

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुमना गळा भलता गोड शे."

"माझा? अहो, तुम्हीच गात होतात ना?"

"मी नही ओ! मन्हा घसा ते पार सुकी गया. मले वाटनं तुम्हीच."

दोघींनी सुनेकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, सासूच गातेय.

माझ्या गळ्याचं म्हणाल तर ट्रेनिंगला असताना प्रार्थनेत मला सिस्टर नुसते ओठ हलवायला सांगायच्या! कुणाचा ट्रान्झिस्टर असेल म्हणून दवाखान्याभोवती फेरी मारली. कपाशी निघालेली उघडी शेतं, चिटपाखरू नाही.

चारच्या गाडीने मीही सोबत धुळ्याला गेले. गाठ आत गेली तरी ऑपरेशन लागतंच, नाहीतर पुन्हा अडकते. पोर दीड तास झोपलं नि गाठ आत गेली, हे ऐकून तिथल्या सर्जननी विचारलं, "झोपेचं औषध कोणतं दिलं? किती?"

"काहीच नाही, साहेब."

ते भडकले. "बाई, लपवू नका! मला याला भूल द्यायचीय. औषधाशिवाय हे पोर दीड तास झोपलं?"

पोराच्या जिवाचा प्रश्न. काय होईल ते होवो म्हणून तिघींनी मिळून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग कागदावर लिहिलं — औषध दिलेले नाही. आणि पेन ठेवून हळूच म्हणाले, "चाल कशी होती हो?"

मी तोंड उघडलं... आठवेना! अक्कांना नाही, सुनेला नाही. दीड तास ऐकलेली चाल, एकीलाही एक ओळ गुणगुणता येईना.

दोन दिवस सूज उतरू दिली, मग ऑपरेशन झालं. पोर ठणठणीत घरी गेलं. आता तो स्वतः आजोबा झालाय. दिवाळीला फोन करतो आणि दरवेळी विचारतो, "बाई, कोण होतं हो ते?"

काय सांगणार, कप्पाळ! इतकी वर्षं डोकं खाजवतेय. मी म्हणते, "मला नाही रे ठाऊक, बाबा. पण जी कोण होती, ती तुझी गाठ आत जाईपर्यंत दमली नाही."