निळ्या नळाचं गरम पाणी

"बघितलंत, की ऐकलंत?"

हे विचारण्याआधी ते हात पुसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे इतक्या कौतुकानं बघायचे, की त्याला वाटावं आपण फारच हुशार आहोत. मग हा प्रश्न यायचा आणि हुशारी उतरायची. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. मला ते शारजातल्या आमच्या शाळेत भेटले. ते प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि मी पाचवी-सहावीला विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे वहीत उतरवून द्यायचे.

तेव्हाची मी कशी होते, हे सांगायला आता मला मजा येते. लग्न होऊन पुण्याहून आलेली, बी.एस्सी., बी.एड., पर्समध्ये तीन रंगांची पेनं, आणि चालणं असं की मागून इन्स्पेक्टर येत असावा. पहिल्या दिवशी मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून ते आनंदानं पुढे आले.

"या बाई, बसा."

"मॅडम म्हणा," मी म्हणाले. "ही काय गावची शाळा आहे?"

"बरं बाई," ते म्हणाले.

मी मात्र त्यांना मामाच म्हणायचे. त्यावर त्यांची कधी तक्रार नव्हती.

मामा लांज्याकडचे, दहावी शिकलेले. शाळेत येण्याआधी ते फुजैराच्या बंदरात तेलाच्या टाक्यांवर होते. टाकीत टेप सोडायची, वर ओढायची, तेल कुठवर लागलंय ते बघून लिहायचं. "बाहेरून बघितलं ना बाई, तर सगळ्या टाक्या भरलेल्याच वाटतात," ते म्हणायचे. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघायचे नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

एकदा मी वर्गात लिहून दिलं, चुंबक धातूंना ओढून घेतं. मधल्या सुट्टीत मामा चुंबक घेऊन आले. "बाई, जरा बांगडी पुढे करा." मी हात पुढे केला. चुंबक बांगडीवरून खाली-वर फिरलं आणि तसंच परत गेलं.

"सोनं खरं आहे," मामा म्हणाले. "वाक्य तपासा."

हे त्यांनी मुलांसमोर कधी केलं नाही. माझी फजिती ते नेहमी रिकाम्या खोलीत करायचे.

आता मीनलची गोष्ट. ही सहावीतली मुलगी, नवीनच आलेली, मान खाली घालून बसणारी. सप्टेंबरात चाचणी झाली. मी पेपर तपासायला प्रयोगशाळेत बसायचे, कारण स्टाफरूममध्ये गप्पा फार. पेपरात चित्र होतं, एक लाल नळ आणि एक निळा. कोणत्या नळाचं पाणी जास्त गरम? कारण लिहा. मीनलनं लिहिलं होतं, निळ्या. पुढचा प्रश्न, कपडे कोणत्या महिन्यात लवकर वाळतात, मे, ऑगस्ट की जानेवारी? उत्तरसूचीत ऑगस्ट होता, इथला सगळ्यात गरम महिना म्हणून. तिनं लिहिलं, मे. मी दोन मोठ्या फुल्या मारल्या आणि वर 'केअरलेस' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. चार मार्क गेले. पास व्हायला तिला दोनच कमी पडत होते.

नापास मुलांचा वेगळा वर्ग चित्रकलेच्या तासाला भरायचा. मुलं त्याला ढ बॅच म्हणायची. एकदा त्यात गेलेलं मूल वर्षभर हात वर करत नसे. आणि या मुलीचा हात मुळात अजून एकदाही वर आलेला नव्हता.

मामा मागचं टेबल पुसत होते. त्यांचं फडकं थांबलं.

"बाई, ही फुली कशाला?"

"मामा, तुम्ही बाटल्या धुवा."

हे वाक्य मी म्हटलेलं आहे. इतक्या वर्षांनीही त्याची सारवासारव करता येत नाही. मामांनी दोन बाटल्या धुतल्या आणि पालथ्या घातल्या.

"सध्या तुमच्याकडे गीझर चालू असतो का?"

"सप्टेंबरात गीझर कोण लावतं इथे? वेड लागलंय का?"

"मग आंघोळीला गार पाणी कुठलं घेता?"

"कुठलं म्हणजे, लाल नळाचं. निळ्याला तर हात लाववत नाही, गच्चीवरची टाकी दिवसभर नुसती..."

आणि मी थांबले. हातात लाल पेन होतं. त्याच सकाळी मी निळा नळ चुकवून, बंद गीझरमधल्या पाण्यानं आंघोळ करून आले होते. इथला प्रत्येक माणूस उन्हाळाभर हेच करतो. मी पेपर पुन्हा वाचला. मीनलनं कारणही लिहिलं होतं, टाकी उन्हात असते आणि गीझर एसीच्या घरात. ते कारण मी वाचलंच नव्हतं. आणि ऑगस्टमध्ये माझे स्वतःचे कपडे दमट हवेनं बाल्कनीत दोन-दोन दिवस ओलसर राहायचे, ते वेगळंच.

"पण पुस्तकात..." मी म्हणाले.

"पुस्तक लिहिणारा इथे राहत नसेल," मामा म्हणाले. "मला सांगून काय उपयोग, मी बाटल्या धुणारा. पोरांना बघू दे."

दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग प्रयोगशाळेत नेला. मामांनी आदल्या दिवसापासून तिथला गीझर बंद ठेवला होता. मुलांनी थर्मामीटर धरले. निळ्या नळाचं पाणी चव्वेचाळीस, लाल नळाचं एकोणतीस. वर्गात एकच गलका झाला. तेवढ्यात एकानं लाल नळ तसाच वाहता ठेवला आणि थोड्या वेळानं त्याचाही पारा चढायला लागला.

"आता हे कसं?" मामांनी मलाच विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. इतक्यात मागून अगदी बारीक आवाज आला, "मिस, द टँक वॉटर केम इनसाइड द गीझर."

मीनलचा हात वर होता.

मला तेव्हा 'माझी चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. लग्नात नाव घेताना अडखळले नव्हते, तेवढी अडखळले. मामा एक कोरडं टेबल मन लावून पुसत होते. शेवटी मी म्हणाले एकदाची. मुलं हसली नाहीत. मीनलनं हात अजून खाली केला नव्हता. तिला पुढचं विचारायचं होतं.

सुपरवायझर मॅडम ऐकेनात. "आन्सर की मतलब आन्सर की. खलास." मी त्यांना निळ्या नळाशी घेऊन गेले आणि म्हटलं, बस एक बार हाथ रखिए. त्यांनी ठेवला आणि झटकन काढला. "ठीक है, यल्ला, चलो, मार्क्स दे दो. लेकिन सिर्फ यही पेपर." मीनल चित्रकलेच्या तासाला चित्रंच काढत राहिली.

त्यानंतर मी नुसतं उतरवून दिलं नाही. मला शिकवणं आलं ते तिथून, बी.एड.मधून नव्हे. आज शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्या घरी नात मला प्रत्येक गोष्टीला "आजी, हाऊ डू यू नो?" म्हणून छळते. सुनेला तो उद्धटपणा वाटतो. मी नातीला गुपचूप चॉकलेट देते.

त्या चाचणीच्या पुढच्याच वर्षी मामांचं वय झालं, व्हिसा संपत आला. शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये केक कापला, भाषणं झाली. मला बोलायचं होतं ते चारचौघांत बोलवेना. म्हटलं, गेटपर्यंत सोडायला जाऊ तेव्हा सांगू. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. विमानतळाची गाडी आली आणि मामा कुठे दिसेनात.

ते प्रयोगशाळेत होते. टेबलाभोवती मुलं दाटीनं उभी. दोन बशांत बर्फाचे दोन सारखे खडे, एक उघडा, दुसरा कुणाच्या तरी आईच्या लोकरीच्या शालीत गुंडाळलेला. शालीतला आधी वितळणार, असं बहुतेकांचं मत. शाल उबदार असते ना. मीनल आता सातवीत होती आणि घड्याळ तिच्याकडे होतं.

"मामा, गाडी थांबलीय."

"हो बाई. दोनच मिनिटं."

दोनाची पाच झाली. खाली हॉर्न वाजला. मामांनी बॅग उचलली. मी पहिलं वाक्य तोंडात जुळवत होते, तोच मीनल म्हणाली, "टाइम." सगळी डोकी टेबलावर वाकली. माझंही वाकलं. तिनं शालीचं टोक उचललं. उघडा खडा अर्धा झाला होता आणि आतला जवळजवळ होता तेवढाच होता.

"मामा, बघितलंत का हे," म्हणत मी वळले. दारात कुणी नव्हतं. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मुलांपैकी एकानंही मान वर केली नाही.

धावले असते तर गाडी गाठता आली असती. पण मीनलनं न बघताच शालीचं टोक माझ्या हातात दिलं, "मिस, होल्ड धिस," आणि ती वहीत आकडा लिहायला लागली. मी ते टोक धरून उभी राहिले.