पोळ्याला न्हालेला ट्रॅक्टर

पुंजाराम पाटलांचा ट्रॅक्टर बंद पडून आठ दिवस झाले होते आणि त्याच्या दुखण्यावर बोलला नाही असा माणूस अंतरवालीत उरला नव्हता. दुसरं महायुद्ध संपल्यावर पाटलांनी तो हैदराबादेकडच्या एका जहागीरदाराकडून जुनाच घेतला होता. त्याआधी गावात कुणी ट्रॅक्टर पाहिलासुद्धा नव्हता. तरी कुणी म्हणे रॉकेल बाधलं, कुणी म्हणे नजर लागली. कचरू सुतारानं तर सरळ चाकं काढायला सांगितली. रब्बीची नांगरट तोंडावर आली, तेव्हा पाटलांनी जालन्याला बैलगाडी धाडून धुळाजीला बोलावून घेतलं.

धुळाजी जातीचा धनगर. बापाची दीडशे मेंढरं एका साथीत गेली आणि तो नवीन जालन्यातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला लागला. पोती रचायची जागा इंजिनाच्या खोलीला लागून होती. खोकण्यावरून मेंढराचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला इंजिनाचं खोकणं कळायला कितीसा वेळ लागणार? एकदा इंजिनवाला तापानं पडला, त्याच दिवशी इंजिनही पडलं. मालक डोक्याला हात लावून बसले. धुळाजीनं पोतं खाली टाकलं, आत गेला आणि घटकाभरात इंजिन चालू करून परत पोतं उचलायला आला. त्या पोत्यानंतर त्याला दुसरं उचलावं लागलं नाही. अक्षर एक येत नव्हतं, पण मालकाच्या मोटारीपासून रॉकेलच्या इंजिनापर्यंत सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली आली. खांद्यावरची घोंगडी मात्र सुटली नाही.

तो अंतरवालीत उतरला तेव्हा पाटलांच्या अंगणात ट्रॅक्टरभोवती जत्रा भरली होती. ट्रॅक्टरच्या नाकाला कुंकू होतं आणि धुराड्याला सुकलेली झेंडूची माळ.

"ह्याला बॅटरी न्हाई," पाटील जाणत्यासारखे म्हणाले. "मंग ठिणगी कुठून यावी?"

"ह्यो डबा हाय ना, मॅग्नेटो. हँडल फिरलं की ह्योच ठिणगी पाडतो," धुळाजी म्हणाला. त्यानं एक प्लग काढला, त्याची वायर त्यालाच लावून तो इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि वरून घोंगडी पांघरून आत डोकं घातलं. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून हा अंधार. "फिरवा हँडल! अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, न्हाई तर उलटा झटका मनगट मोडंल."

कचरूनं हँडल फिरवलं. आत काहीच चमकलं नाही.

धुळाजीनं मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आतून चमचाभर पाणी सांडलं. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माळेकडे.

"पाटील, ह्याला आंघोळ घातली व्हती का?"

"पोळा व्हता," पाटील चाचरत म्हणाले. "बैल धुतले, मंग ह्याला कसं वगळायचं? सालभर राबतो."

धुळाजी हसला नाही. त्यानं झाकण चुलीजवळ शेकायला दिलं, आतली दोन टोकं बारीक पॉलिश कागदानं घासली, फडक्यानं पुसली. सगळं जोडून तो पुन्हा घोंगडीत शिरला. या वेळी कचरू हँडल फिरवू लागला तशी निळी ठिणगी तडतडली.

"बघू, बघू," म्हणत पाटीलही घोंगडीत घुसले आणि बोट लावून त्यांनी विचारलं, "हीच का?"

घोंगडीतून एक आरोळी उठली. पाटील बाहेर आले ते पागोट्याशिवाय. गाव पोट धरून हसलं.

पण ट्रॅक्टर काही चालू होईना. हँडल मारलं की खोकायचा, धुराड्यातून फाडकन जाळ काढायचा आणि गप्प. धुळाजी कान देऊन ऐकत राहिला. ठिणगी होती, तेल होतं. ठिणगी भलत्याच वेळी पडत होती.

"ह्या वायरी कुणी काढल्या व्हत्या?"

 मग दारातून तुळजाबाई, पाटलांच्या कारभारीण, पुढे आल्या. "म्या काढल्या. चिखल व्हता, चिंचंनं घासून लख्ख केल्या. परत लावल्या की बराबर! दावणीला बैल बांधावं तशा, पहिली पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला."

"तिथंच घोळ झाला, पाटलीणबाई. ह्ये बैल वळीनं चालत न्हाईत."

"मंग कसे चालतात?"

"ते मलाबी ठावं न्हाई. त्यालाच इचारू."

त्यानं चारही प्लग काढून त्या भोकांत कापसाचे बोळे बसवले आणि हँडल सावकाश फिरवायला लावलं. फुस्स! पहिला बोळा उडून कचरूच्या कपाळावर बसला. मग तिसरा. मग चौथा. सगळ्यात शेवटी दुसरा. ज्याचा बोळा उडाला, ठिणगीची पाळी त्याची. प्रत्येक वेळी धुळाजी हँडल थोडं पुढं घेऊन मॅग्नेटोतला फिरता काटा कुठल्या खुंटीवर आला ते बघायचा, आणि ती वायर त्या भोकाच्या प्लगासाठी ठरवायचा.

"एक, तीन, चार, दोन," तुळजाबाई पुटपुटल्या. त्यांनी धुळाजीला बाजूला सारलं. "थांबा. चुकी माझी हाय, म्याच लावते."

"अगं, झटका बसंल!" पाटील ओरडले.

"तुमाला बसला, कारण तुमी इचारायच्या आधी बोट घातलं."

प्लग परत बसले, तुळजाबाईंनी एकेक वायर लावली आणि धुळाजीनं नुसती मान डोलावली. कचरूनं हँडल मारलं. ट्रॅक्टर एकदा शिंकला आणि धडधडायला लागला. कोंबड्या छपरावर गेल्या. धुळाजीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. आपल्या हातानं चालू केलेल्या इंजिनांपेक्षा त्याला पाटलीणबाईंच्या हातानं चालू झालेलं हे बरं वाटलं, असं तो पुढं जिनिंगमध्ये सांगायचा.

त्या हिवाळ्यात त्याला आणखी दोनदा अंतरवालीहून बोलावणं आलं. पहिल्यांदा एक प्लग काजळला होता. दुसऱ्यांदा तो पोचला, तर ट्रॅक्टर शेतात नांगरत होता आणि तुळजाबाई धुऊनही काळ्या राहिलेल्या हातांनी भाकरी थापायला बसल्या होत्या.

"आता काय बिघडलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"ते झालं मघाच," त्या म्हणाल्या. "हात धुवा, जेवून जा."